स्विफ्टमध्ये ॲम्प दुसऱ्यांदा बसवला, नाना पेठेतल्या काकांकडे

हा रिव्ह्यू पुण्यात नाना पेठेत कार ऑडिओचं काम करणाऱ्या एका छोट्या दुकानाचा आहे. ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, तोच आहे जो मी गेल्या वर्षी घेतला होता, चार चॅनलचा, प्रत्येक चॅनलला ७५ वॉट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी ताकद), क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार), वजन साधारण ३ किलो. आधी तो दुसऱ्या एका दुकानात बसवून घेतला होता, त्यांचं नाव लिहीत नाही, चार महिन्यांनी तो सगळा काढावा लागला आणि या काकांकडे परत पहिल्यापासून बसवला. आता त्याला सहा महिने झाले, अख्खा पावसाळा गाडीने काढला, म्हणून आता लिहिते.

माझी गाडी २०१८ ची स्विफ्ट, पेट्रोल. रोज हडपसर ते चाकण आणि परत, म्हणजे दिवसाचे तीन तास मी गाडीत असते आणि त्या तीन तासांत गाणं ही माझी गरज आहे, चैन नाही. शास्त्रीय ऐकते जास्त करून. कंपनीचा स्टिरिओ आणि दारातले कागदी स्पीकर यांच्यावर तबल्याचा बायाँ ऐकूच येत नव्हता, म्हणून स्पीकर बदलले आणि त्यांना पुरेल असा ॲम्प घेतला. एवढंच, बूटभर (म्हणजे डिकीभर) सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, वगैरे काही नाही.

पहिल्या दुकानात काम दीड तासात झालं, मजुरी ८००. मला वाटलं छान, पटकन झालं. आवाज खरंच चांगला यायला लागला. फक्त एक कुईऽऽ असा बारीक आवाज सतत मागे असायचा, ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. भीमसेनजींचा अभंग लावला की सुरुवातीला तानपुरा सुरू होतो ना, त्याच्या खाली ही कुई, आणि गिअर बदलला की तिचा सूर बदलायचा. एकदा कानाने पकडलं की मग सोडवतच नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला मॅडम ते असतंच, सगळ्या गाड्यांना येतं. ते असं नसतं हे मला नंतर कळलं.

मग एका रविवारी आईला घेऊन साताऱ्याला निघाले होते. शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाट लागायच्या आधी मागचं टायर पंक्चर. गाडी बाजूला घेतली, बॅगा उतरवल्या, बूटमधला बोर्ड उचलायला गेले तर उचलेना, कारण ॲम्प त्याच बोर्डवर बसवलेला आणि वायरी ताणलेल्या. कसाबसा तिरका केला, आत हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. बोर्डच्या खालून चार स्क्रूंची टोकं बाहेर आलेली, प्रत्येकी जवळजवळ दोन सेंटिमीटर, आणि त्यांच्या बरोब्बर खाली स्टेपनी. बूटमध्ये सामान ठेवलं की बोर्ड खाली दबायचा आणि टोक टायरच्या साईडवॉलवर घासायचं, असं चार महिने चाललेलं. स्टेपनी पूर्ण बसलेली होती. साईडवॉलला छेद गेला की पंक्चर काढता येत नाही, टायर टाकूनच द्यावं लागतं. ६८ वर्षांची आई हायवेच्या कडेला उन्हात दीड तास बसून होती, शेवटी एका भल्या माणसाने त्याच्या गाडीवरून पंक्चरवाला आणला. ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही म्हणून मी हे एवढं सविस्तर लिहितेय.

नाना पेठेतले काका ऑफिसमधल्या एका मित्राने सुचवले. दुकान म्हणजे एक गाळा, समोर रस्त्यावरच दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, आत भिंतीवर वायरींची बंडलं आणि एक लाकडी टेबल. काका साठीच्या आसपासचे, हाताखाली एक मुलगा. मी पोचल्यावर त्यांनी ॲम्पकडे बघितलंच नाही. आधी बॉनेट उघडायला सांगितलं, बॅटरीजवळ वाकून लाल वायर बोटाने पकडत पकडत मागे गेले आणि मग मला हाक मारली, "ताई, इकडे या, हे बघा."

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या वायरला फ्यूजच नव्हता. मी म्हटलं, काका ॲम्पमध्ये आहेत की फ्यूज. ते म्हणाले, "ते ॲम्पसाठी. वायरसाठी कुठाय?" मग त्यांनी शांतपणे समजावलं. बॅटरीपासून बूटपर्यंत वायर पाचेक मीटर जाते, पत्र्यातून, सीटखालून, कार्पेटखालून. वाटेत कुठेही तिचं रबर सोललं आणि तांबं पत्र्याला लागलं की बॅटरी थेट शॉर्ट. गाडीची बॅटरी स्टार्टरला शे-दोनशे अँपिअर सहज देते, ती तेवढाच करंट त्या वायरमध्ये ढकलणार, वायर लाल होणार आणि कार्पेट पेटणार. ॲम्पमधल्या फ्यूजला यातलं काही कळत नाही कारण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून मेन फ्यूज बॅटरीपासून वीत-दीड वीत अंतरात, कुठल्याही परिस्थितीत ४५ सेंटिमीटरच्या आत.

आणि रबर कुठे सोलणार होतं तेही दाखवलं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात, फायरवॉलमध्ये, पहिल्या दुकानाने नवीन भोक पाडून वायर तशीच आत घेतलेली, ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) नाही काही नाही. वायर ओढून त्या जागेवर टॉर्च मारला तर पत्र्याच्या कडेने रबरावर एक पांढरा चरा पडलेला, नखाने खरवडलं तर आत चकाकणारी तार दिसली. चंदेरी. काकांनी ब्लेडने अजून थोडं सोललं आणि म्हणाले, हे तांबं पण नाहीये, ॲल्युमिनियमला वरून तांब्याचा मुलामा आहे. बाजारात याला सीसीए म्हणतात, बाहेरून जाडजूड ४ गेज लिहिलेलं असतं पण त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरएवढा करंट ती वाहू शकत नाही, आणि ॲल्युमिनियमचे जोड काळाने सैल पडतात. तुम्ही वायरिंग किट घेत असाल तर त्यावर ओएफसी (म्हणजे पूर्ण तांब्याची) लिहिलंय का बघा आणि दुकानात एक टोक ब्लेडने खरवडून दाखवायला सांगा, तांबं आतपर्यंत लालच असतं.

पुढे ग्राउंड, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ते. काळी वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली. काका दिवसभरात चिडलेले मी फक्त इथे पाहिले. "ताई, हा बोल्ट कंपनीने माणूस अडवायला दिलाय, वायर अडकवायला नाही." बोल्टच्या खाली वायरचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, घातला की बोल्ट पहिल्यासारखा बसत नाही, आणि अपघातात माणसाचं सगळं वजन त्या एका बोल्टवर येतं. वरून त्या बोल्टभोवती रंग तसाच होता, त्यामुळे ग्राउंडसुद्धा धड नव्हतं आणि तानपुऱ्याखालची ती कुई निम्मी तिथूनच येत होती. उरलेली निम्मी का, तर स्टिरिओतून ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल आणि लाल पॉवर केबल एकाच बाजूने एकमेकींना बांधून नेलेल्या. काकांनी वायर काढली, बोल्ट साफ करून परत लावला आणि सांगितलं की सर्व्हिस सेंटरला जाऊन हा टॉर्क रेंचने तपासून घ्या, माझ्या हातावर विश्वास ठेवू नका. मी त्याच आठवड्यात जाऊन तपासून घेतला.

आता मुख्य गोष्ट, ॲम्प बसवायचा कुठे. यावर आमची जवळजवळ पाऊण तास चर्चा झाली आणि मला वाटतं या दुकानाची खरी किंमत त्या पाऊण तासात आहे.

मी आधी म्हटलं ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली टाका, जागा वाचेल. काकांनी सीट मागेपुढे सरकवून दाखवली, खाली उरते ती उंची, तिथून जाणाऱ्या कंपनीच्या वायरी, आणि म्हणाले पावसाळ्यात तुमच्या शेजारी बसणाऱ्याच्या ओल्या चपलेचं पाणी कुठे जातं, तिथेच ना. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या टेन्शनरच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही असं ते त्या मुलाला पण बजावून सांगत होते. सीटखाली छोटा क्लास डी ॲम्प चालतो कारण तो कमी तापतो, माझ्यासारखा क्लास एबी तिथे कोंडून मरेल. एबी ॲम्प घेतलेल्या विजेपैकी जेमतेम ५०-६० टक्के स्पीकरला देतो, बाकीची सगळी उष्णता. पुण्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत ६० अंश सहज होतं, त्यात ही भर.

मग म्हटलं मागच्या सीटच्या पाठीला लावा, खूप जणांनी लावलेला पाहिलाय. तर म्हणाले सीट दुमडली की प्रत्येक वेळी वायर वाकणार, आणि स्क्रू जरा लांब गेला की सीटच्या फोममधून मागे बसणाऱ्याच्या पाठीशी. बूटच्या फरशीत थेट ड्रिल? अजिबात नाही. त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं, मागच्या सीटच्या खाली पेट्रोलची टाकी, ३७ लिटरची, तिथून पुढे जाणारा पाइप, ब्रेकचा पाइप. वरून ड्रिल मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आणि सबवूफरच्या डब्यावर ॲम्प ठोकणं (माझ्याकडे सब नाही, पण शेजारच्या गाडीत तसं होतं म्हणून विचारलं) तर त्यांच्या मते सगळ्यात वाईट, डबा सतत थरथरतो, आतले सोल्डरचे जोड आणि स्क्रू हळूहळू सुटतात. उलटा टांगलेला ॲम्पही तसाच, उष्णता वर जाते आणि वरच्या बाजूला ॲम्पचं पोट असतं.

नुसता वेल्क्रो किंवा दुतर्फी टेप का नाही हे मी विचारलं, कारण ते मला सोपं वाटत होतं. काका म्हणाले, वजन किती, ३ किलो? ५० च्या स्पीडला गाडी कुठे आदळली तर तो ३ किलोचा धातूचा तुकडा ५० च्याच स्पीडने पुढे येतो. घरी येऊन मी हिशोब केला, ताशी ५० किलोमीटर म्हणजे जवळपास १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग. तिसऱ्या मजल्यावरून कोणाच्या तरी डोक्यावर ॲम्प पडण्यासारखं. आणि मागच्या सीटवर बसते माझी आई.

शेवटी जागा ठरली बूटची डावी बाजू, उभा ॲम्प. प्लास्टिकचा ट्रिम काढला, आतल्या पत्र्याला कंपनीचीच दोन भोकं रिकामी होती ती वापरायची, अजून दोन पाडायची. पाडायच्या आधी काकांनी पत्र्याच्या पलीकडे हात घालून चाचपलं, टॉर्च मारला, मुलाला पलीकडून ठकठक करायला लावलं. ड्रिलच्या बिटला टोकापासून सेंटिमीटरभर सोडून टेप गुंडाळली, म्हणजे त्याच्यापुढे आत जाणारच नाही. भोक पडल्यावर कडा कानशीने घासल्या आणि रेड ऑक्साईड लावलं, नाहीतर तिथून गंज सुरू होतो. मग त्यात एम ६ चे रिव्हनट बसवले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं, पातळ पत्र्यात आतून फुलणारा नट असतो, त्याच्यामुळे पत्र्यात पक्के आटे मिळतात, स्क्रूसारखा पत्रा खाऊन ढिला होत नाही.

त्याच्यावर १२ मिलिमीटरची मरीन प्लायची पट्टी, काळं कार्पेट लावलेली. एमडीएफ नको म्हणाले, आपल्याकडच्या दमट हवेत फुगतो आणि स्क्रू धरत नाही. पट्टी पत्र्यापासून दोन बोटं पुढे, मध्ये स्पेसर, म्हणजे मागूनही हवा फिरेल. ॲम्पच्या चारही पायांखाली रबरी वायसर, थरथरून सैल न होणारे नायलॉकचे नट. फिन, म्हणजे ॲम्पच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या, उभ्या दिशेने, गरम हवा खालून वर निघून जावी म्हणून. स्टेपनीचा बोर्ड आता पूर्ण मोकळा, एका हाताने उचलता येतो, ते त्यांनी तीनदा उचलून दाखवलं.

सगळं घट्ट झाल्यावर काकांनी दोन्ही हातांनी ॲम्प पकडला आणि जोरात हिसके दिले. गाडी सस्पेन्शनवर डोलायला लागली, ॲम्प जागचा हलला नाही. मग मला म्हणाले, आता तुम्ही करा. मी केलं. त्या एका क्षणात मला जे बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. काम सुरू करायच्या आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला कापडात गुंडाळून ठेवला, जोडताना तो सगळ्यात शेवटी. लाल वायर नवी, ओएफसी, ४ गेज, ५० अँपिअरचा फ्यूज, फ्लेक्झिबल पाइपमध्ये, कंपनीच्याच हार्नेसच्या ग्रॉमेटमधून आत. जुन्या भोकाला रबरी बूच आणि सिलिकॉन. पॉवर डावीकडून, आरसीए उजवीकडून. ग्राउंड हातभरसुद्धा नाही, ३५ सेंटिमीटर, रंग घासून पत्रा आरशासारखा केला, दातेरी वायसर, क्रिंप केलेला लग, वरून व्हॅसलिनचा हात. मग गाणं जोरात लावून मल्टिमीटर ॲम्पच्या ग्राउंडपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लावला, पॉइंट एक व्होल्टच्या आत आला तेव्हाच ट्रिम बंद केला.

गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवेल ते ठरवणारं बटण, तोसुद्धा कानाने नाही लावला. स्पीकर काढून, १००० हर्ट्झचा टोन वाजवून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. माझे स्पीकर ६० वॉटचे, ४ ओहमचे, तर ६० गुणिले ४ चं वर्गमूळ म्हणजे साडेपंधरा व्होल्ट, तिथे गेन थांबवला. ॲम्प ७५ वॉट देऊ शकतो म्हणून सतराच्या वर न्यायची गरज नाही असं म्हणाले. पहिल्या दुकानाने गेन पूर्ण फिरवून ठेवला होता, आवाज मोठा म्हणून गिऱ्हाईक खूश.

परत येताना एका सिग्नलला उभी होते, तोच अभंग लावला. तानपुरा, आणि त्याच्या खाली काहीच नाही, शांतता.

आता खर्च आणि तक्रारी. मजुरी ३,०००, वायर, फ्यूज होल्डर, प्लाय, बाकीचं सामान मिळून ४,२०० च्या आसपास. म्हणजे नुसती मजुरीच पहिल्या दुकानाच्या जवळजवळ चौपट, शिवाय स्टेपनीचं टायर गेलं ते वेगळं. सकाळी ११ ला गाडी दिली, संध्याकाळी साडेसहाला मिळाली, अर्धा दिवस म्हणाले होते. बसायला जागा नाही, एक स्टूल, बायकांना तिथे सात तास थांबणं अवघड आहे, जवळपास स्वच्छतागृहाची सोय नाही, हे त्यांनी सुधारायला हवं आणि मी त्यांना तसं सांगितलं. फोन काम चालू असताना उचलत नाहीत. बिल मागितल्यावरच दिलं, पण दिलं ते सगळं लिहून, प्रत्येक वस्तू वेगळी. ते बिल मला इन्शुरन्स रिन्यू करताना उपयोगी पडलं, बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी नोंदवून थोडा जास्त प्रीमियम भरावा लागतो, नाहीतर क्लेमच्या वेळी ती धरत नाहीत.

बाबांच्या वॅगनआरला पण असंच करून द्या म्हणून नंतर गेले होते, ती सीएनजीची आहे. काकांनी बूट उघडला, सिलिंडर बघितला आणि इथे मी एकही भोक पाडणार नाही म्हणाले. त्या सिलिंडरमध्ये गॅस २०० बारला भरलेला असतो, त्याची फ्रेम, त्याचा पाइप, त्याच्या आसपास ना ड्रिल ना ठिणगी. मी म्हटलं काका पैसे जास्त घ्या, तर नुसती मान हलवली. त्याऐवजी स्टिरिओच्या मागे डॅशबोर्डमध्ये मावणारा छोटा पॉवर पॅक, म्हणजे छोटा ॲम्पच, सुचवला, ब्रॅकेटला पट्टीने बांधून दिला, ड्रिल शून्य. बाबांना बातम्या आणि जुनी भावगीतं ऐकायला तेवढा भरपूर आहे. हातात आलेलं काम नाही म्हणणारा दुकानदार मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

हजार किलोमीटर झाल्यावर परत या असं सांगितलं होतं, गेले. चारही बोल्ट तपासले, जागच्या जागी. ग्राउंडचा बोल्ट पाव फेरा घट्ट झाला. फ्यूज होल्डरचं झाकण उघडून बघितलं, काळं पडलं नव्हतं. दहा मिनिटं लागली, पैसे घेतले नाहीत. ऑगस्टच्या पावसानंतर मी स्वतः ट्रिम उघडून पाहिला, प्लाय कोरडा, पत्र्याला गंज नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो बसायच्या सोयीसाठी. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि बूट रिकामा करून न्या.